स्टॉल क्रमांक सात: समाजमंडळाच्या अध्यक्षांना खुलं पत्र

अमळनेर, जानेवारी 2026

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपलं समाजमंडळ.

विषय: वधू-वर परिचय मेळाव्यात परदेशी बाळंतपणाच्या एजंटाला दिलेली जागा.

अध्यक्षसाहेब, सप्रेम नमस्कार.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि धुळे-जळगाव-नंदुरबारातल्या इतर मंडळांनाही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचता येईल. खुलं लिहायचं कारण एवढंच, की बंद पाकिटातल्या माझ्या आधीच्या दोन पत्रांची पोचही मिळाली नाही. 31 वर्षं ग्रामसेवक होतो, आवक-जावक रजिस्टरची सवय सुटत नाही.

मेळावा झकास झाला. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी मी दोनदा मागून घेतली, स्वयंपाक समितीचे आभार. तक्रार आहे ती मंडपाच्या डाव्या बाजूच्या रांगेबद्दल. लेहंगे भाड्याने देणारा सहा नंबर आणि कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवणारा आठ नंबर, या दोघांच्या मध्ये सात नंबरच्या स्टॉलवर टाय लावलेला एक तरुण बसला होता. मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर गोरंगोमटं बाळ, बाळाच्या मुठीत अमेरिकेचा निळा पासपोर्ट. व्हिसापासून बाळाच्या पासपोर्टपर्यंत सगळं एकाच पॅकेजात, असं तो सांगत होता. मूल एकवीसचं झालं की आईबापाला बोलावून घेतं, काका, एकदाच खर्च! दोन बायका त्याचा नंबर मोबाइलमध्ये घालून घेत होत्या. दोघी होणाऱ्या सासवा. ज्यांच्या बाळंतपणाचा भाव चालला होता त्या पोरी पलीकडे आपला बायोडाटा पुकारला जाण्याची वाट बघत उभ्या होत्या. त्यांची लग्नं अजून ठरायची होती.

आणि मग स्टेजवर तुम्ही ज्यांची नातवंडं अमेरिकेत जन्मली अशा आजोबांना शाल-नारळ दिलं. माझा शाळेतला मित्रही त्यात होता. खाली उतरला तो माझा हात दाबत म्हणाला, "मन्हा नातू अमेरिकाना शे, भाऊ!" त्याच्या आनंदावर पाणी टाकायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून तेव्हा गप्प बसलो.

आता बोलतो, कारण जन्माच्या नोंदी हा माझा धंदाच होता. माझ्या वेळी गावातला जन्म-मृत्यू निबंधक म्हणजे ग्रामसेवक. जन्म जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, बापाचं गाव कोणतं हे रजिस्टर विचारत नाही. त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या पोरांची नावं माझ्या रजिस्टरला कधी आलीच नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी. दाखला मागायला बाप यायचा, मी म्हणायचो, भाऊ, सासरवाडीला जा. परगावचा जन्म आपल्याला नवा नाही, फक्त त्या परगावाला मामा होता. आणि त्याच्याही आधीच्या पिढीचं तर विचारूच नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने 1 जून लिहिलं, म्हणून खानदेशातले अर्धे आजोबा एकाच दिवशी जन्मले. तेव्हा दाखल्यावरचं गाव आणि तारीख याला किती मान द्यायचा, हे मला थोडंफार कळतं.

अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकेचं नागरिक, हा नियम एजंटांनी काढलेला नाही, आणि तो आपल्यासाठीही केलेला नव्हता. 1857 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात सांगितलं होतं, की आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो की सुटलेला, देशाचा नागरिक होऊच शकत नाही. पुढे यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, आणि 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने लिहून टाकलं, की जो इथे जन्मला आणि इथल्या कायद्याच्या कक्षेत आहे, तो इथला नागरिक. ज्यांचे आईबाप बाजारात विकले गेले त्यांच्या लेकरांसाठी ते कलम होतं. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, चिनी आईबापांचा वाँग किम आर्क त्याच कलमावर लढला आणि 1898 साली जिंकला.

आपल्याकडेही हा नियम होता, हे मेळाव्यात कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 पर्यंत भारतात जो जन्मला तो भारतीय, मग आईबाप कुठलेही असोत. नंतर आई किंवा बाप भारतीय हवा झाला. 3 डिसेंबर 2004 पासून एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा, इथपर्यंत आपण आलो. ब्रिटनने 1983 मध्ये, ऑस्ट्रेलियाने 1986 मध्ये, आयर्लंडने 2005 मध्ये दार अर्धं लावलं. उरलं ते अमेरिका, कॅनडा आणि त्या बाजूचे बरेच देश. सात नंबरवाला त्या उरलेल्या दारातून माणसं सोडायचे पैसे घेतो.

आता माझ्या घरातलं सांगतो. पुतणीला विचारून लिहितोय, नाव तेवढं घालू नका म्हणाली.

2019 चा पावसाळा संपत आला होता. तिला सातवा महिना. नवरा पुण्यात नोकरीला, चांगला पगार, परदेशी जायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात होतं ते सासऱ्यांच्या. त्यांच्या व्याह्याच्या व्याह्याचा नातू 'तिकडचा' होता. एजंट गाठला गेला. बहुतेक विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि 36 नंतर चढूच देत नाहीत, म्हणून घाई. तिला शिकवलं होतं, की सैल कुर्ता घाल आणि कुणी विचारलं तर फिरायला आलोय म्हण. अध्यक्षसाहेब, ती पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना माझ्याकडून पाढे शिकली. खोटं बोलायची वेळ आली की तिचे कान लाल होतात. विमानतळावरच्या त्या पाच मिनिटांबद्दल ती आजही बोलत नाही.

सासू सोबत गेली. भाड्याची एक खोली, बाहेर थंडी, शेजारी कुणी ओळखीचं नाही. बाळ चौतिसाव्या आठवड्यात आलं. काचेच्या पेटीत सोळा दिवस. प्रवासाचा विमा काढला होता, पण त्यात बाळंतपण धरलेलंच नव्हतं, ही ओळ एजंटाने वाचून दाखवली नव्हती. पाचवीला सासूने रीत सोडली नाही. पाट मांडला, कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. बाळ दवाखान्यात आणि पाटावर नुसता कागद. सटवाईने त्यावर काय लिहिलं ते तिलाच ठाऊक. दवाखान्याने लिहिलेला कागद मात्र दुसऱ्या आठवड्यात आला. आकडा देत नाही. अमळनेरातला एक प्लॉट आणि धुळ्याच्या रस्त्यावरचं दीड एकर त्या बिलात गेलं, एवढं पुरे.

बाळ त्या भाड्याच्या खोलीवर आणल्यावर सासूने बाळंतिणीला ओव्याची धुरी द्यायला घेतली, तर छताचा भोंगा बोंबलायला लागला आणि खालून माणूस धावत आला. हे पुतणी हसत सांगते. पण पुढचं सांगताना हसत नाही. सव्वा महिना आईने अंगाला हात लावायचा, डिंकाचे लाडू हातात ठेवायचे, ते सगळं फोनच्या काचेपलीकडे होतं. आई इथे, व्हिसाचा खर्च एकाच बाईचा परवडणार होता, आणि ती बाई सासू ठरली.

फेब्रुवारी 2020 मध्ये त्या परत आल्या. येताना बाळाला भारताचा व्हिसा काढावा लागला. आपल्याच नातवाला गावी यायला व्हिसा! तीन-चार आठवडे उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून माझ्या भावाची अजून झोप उडते. 13 मार्च 2020 पासून करोनामुळे परदेशी पासपोर्टवाल्यांचे व्हिसा थांबले, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) येणंही थांबलं. मे महिन्यात अडकलेल्या भारतीयांना आणणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली, तर त्यात भारतीय पासपोर्टच्या आईबापाला जागा आणि तिकडे जन्मलेल्या तान्ह्याला नाही, अशी कितीतरी घरं अडकली. 22 मे रोजी गृहखात्याने सवलत दिली तेव्हा कुठे ती लेकरं निघाली. आईला देश आत घेतो आणि पोटच्या पोराला दारात थांबवतो, हे पॅकेजच्या माहितीपत्रकात असतं का?

तो पोरगा आता सहा वर्षांचा आहे. वांड आहे, हुशार आहे, अहिराणीत शिव्या देतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून त्याच्याकडे ओसीआय कार्ड. ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा समजा, नागरिकत्व नव्हे. तो मत देऊ शकणार नाही, सरपंच होऊ शकणार नाही. डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा देऊ शकेल, पण 4 मार्च 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेने ओसीआयवाल्यांना एनआरआय किंवा जादा भरायच्या जागाच ठेवल्या. 2023 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती त्या तारखेनंतर जन्मलेल्यांपुरती ठरवली, म्हणून हा कदाचित सुटला, आता तिकडे जन्मणारे सुटणार नाहीत. आपल्या समाजात दर दुसरं घर पोराला डॉक्टर करायला निघालेलं असतं, त्यांनी एनआरआय कोट्याची फी एकदा विचारून यावी.

आणि जमीन. हे जरा नीट ऐका. ओसीआयवाल्याला शेतजमीन वारशाने मिळते, विकत घेता येत नाही. म्हणजे आजोबांचा मळा त्याच्या सातबाऱ्यावर चढेल, पण बांधाला लागून असलेला भाऊबंदाचा तुकडा उद्या विकायला निघाला तर हा बघत बसेल आणि तो तुकडा तिसराच घेऊन जाईल. वर अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कुठेही कमाई झाली तरी हिशेब मागते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, पण तिथल्या कायद्याला आपली केळी आणि कापूस माफ नाहीत. नातवाच्या नावाने ठेवी केल्या आणि परदेशातल्या, म्हणजे त्यांच्या लेखी आपल्या, खात्यांची बेरीज 10,000 डॉलरच्या वर गेली, की तेही कळवावं लागतं.

गंमत बघा. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात पंजाबी शेतकरी राबत होते. 1913 च्या तिथल्या कायद्यामुळे, ज्यांना नागरिक होता येत नव्हतं त्यांना जमीन घेता येत नव्हती. 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल लागला, की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक नाही. ते दार 1946 ला उघडलं. तोवर काहींनी वाट काढली ती तिथे जन्मलेल्या लेकरांच्या नावावर शेत करून. त्यांनी राबलेल्या मातीसाठी पोराच्या जन्माचा कागद वापरला. आपण मात्र हातात पिढीजात माती असताना पोराला त्याच मातीला परका करतोय, आणि त्यासाठी दीड एकर विकतोय.

जे लोक तिकडे नोकरी करतात, कर भरतात, तिथेच राहतात, त्यांच्या लेकरांबद्दल हे पत्र नाही. त्यांचं मूल तिथे जन्मणार, दुसरं कुठे जन्मेल? या अमळनेरात 1945 साली विप्रो वनस्पती तेलाची गिरणी म्हणून सुरू झाली. पुढे ती सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि तिच्यासारख्या कंपन्यांमधून आपली पोरं तिकडे पोचली. त्यांचीही परीक्षाच चालली आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यात, एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग पिढीभर लांब. एकाच घरात थोरली जळगावात जन्मलेली, धाकटा तिकडचा. थोरली 21 ची झाली आणि बापाचं ग्रीन कार्ड आलेलं नसलं, की तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागतो, नाहीतर बॅग भरावी लागते. माझ्या मित्राला शाल देताना स्टेजवरून हे कुणी सांगितलं नाही, कारण त्याच्या घरातही एक थोरली नात आहे.

सात नंबरवाल्याचा माल वेगळा आहे. तो पर्यटक व्हिसावर बाळंतीण पाठवतो. 24 जानेवारी 2020 पासून अमेरिकेचा नियमच आहे, की मुलाला नागरिकत्व मिळावं हा मुख्य हेतू दिसला तर पर्यटक व्हिसा नाकारायचा. हेतू लपवून खोटं सांगितलं आणि ते उघडकीला आलं, तर त्या बाईला तिथे पाऊल ठेवायला कायमची बंदी होऊ शकते. म्हणजे ज्या पोराने एकवीस वर्षांनी आईला बोलवायचं, त्याच्या जन्मासाठी केलेल्या खोट्यानेच आई अडकायची. माझ्या पुतणीचा पोरगा 2040 मध्ये एकवीसचा होईल. तोवर त्याला आईला बोलवायचंय की नाही, हे त्याला कुणी विचारलंय?

त्यातून 20 जानेवारी 2025 ला तिथल्या अध्यक्षांनी आदेश काढला: आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर तीस दिवसांनंतर जन्मणारं मूल नागरिक नाही. तीन दिवसांत सिएटलच्या न्यायाधीशांनी तो अडवला, पुढे आणखी न्यायालयांनी अडवला, आणि डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीला घेतलं. पण मला त्या जानेवारीतली एक बातमी विसरता येत नाही. 20 फेब्रुवारीच्या आत मूल बाहेर यावं म्हणून तिथली भारतीय जोडपी आठव्या-नवव्या महिन्यात सिझेरियन करून द्या असे डॉक्टरांना फोन करत होती. मुहूर्तासाठी पोट फाडणारे मी इथेही पाहिलेत, रजिस्टरला एकाच सकाळी चार-चार जन्म. पण चौतिसाव्या आठवड्याचं बाळ काचेच्या पेटीत कसं दिसतं, ते मी पुतणीच्या फोनमध्ये पाहिलंय. मुठीएवढं डोकं आणि नाकात नळी.

आता रजिस्टरची दुसरी बाजू. नोकरीची चार वर्षं मी धडगाव तालुक्यात काढली. तिथल्या पाड्यांवरून बांबूच्या झोळीत घालून बाई खाली आणतात, रस्ता लागेपर्यंत. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे गुजरातेत ऊसतोडीला निघून जातात, बाई गरोदर असली तरी. बाळंतपण बारडोलीकडच्या फडात, पाचटाच्या खोपीत. नोंद तिकडे व्हायला हवी, ती करतं कोण? होळीला पोर कडेवर घेऊन बाई परत यायची आणि मी सांगायचो, जन्म माझ्या हद्दीतला नाही. कायद्याने ते बरोबर होतं. 21 दिवसांत नोंद फुकट, त्यानंतर विलंब शुल्क, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्या बाईला आदेश आणि आंबा सारखाच. मी सही न करता किती बायका परत पाठवल्या ते मोजलं नाही. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचाच दाखला लागणार आहे, हे वाचलं तेव्हा त्या बायका आठवल्या.

लांब कशाला, आपल्याच समाजाचं सुरत घ्या. लिंबायत, उधना भागात आपली किती घरं आहेत? पोर तिथे जन्मतं, दाखल्यावर गुजराती अक्षरं, बापाच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. जातीचा दाखला काढायचा तर गाठावा लागतो बापाचा मूळ तालुका, आणि तिथे ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. मग आजोबाचा शाळेचा उतारा शोधा. तो सापडला तर त्यावर 1 जून, आणि आधार कार्डावर वेगळी तारीख. मेळाव्याला सुरतेहून दोन बस आल्या होत्या. त्यांतल्या एकाने जेवणाच्या रांगेत मला हेच विचारलं, की पोरीच्या दाखल्यातलं नाव दुरुस्त कुठे होतं. सात नंबरच्या स्टॉलवर त्याला उत्तर मिळालं नसतं.

म्हणून मागणं असं. पुढच्या मेळाव्यात त्या एजंटाची पावती फाडू नका. त्याने मंडळाला देणगी दिली आहे हे मला माहीत आहे, ती परत करायची असेल तर माझे पाच हजार धरा. नातू कुठे जन्मला यावर आजोबाचा सत्कार बंद करा. सत्कार करायचाच तर सुनेला दोन वाक्यं बोलू द्या, ती काय बोलेल याची मला उत्सुकता आहे. आमच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा तिच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांना, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मूठ-मूठ गहू काढतात. पुतणीचा पोरगा निळ्या पासपोर्टचा, त्याची धाकटी बहीण धुळ्यात जन्मलेली. दोघांचीही मूठ निघते. (चार वर्षांपासून आम्ही पोरींचीही काढतो. यावर मंडळात ज्यांचं नाक मुरडलं जातं त्यांना वेगळं पत्र लिहीन.)

आणि सात नंबरची जागा रिकामी झाली की तिथे एक टेबल टाका: उशिरा झालेली जन्मनोंद, नाव-दुरुस्ती, सुरतेच्या दाखल्यावरून इथले कागद कसे काढायचे, याची माहिती द्यायला. ग्रामसेवक आणि तलाठी राहिलेले आम्ही तिघं-चौघं बसायला तयार आहोत, मानधन नको. पंखा नसला तरी चालेल, पण टेबल विजेच्या प्लगजवळ असू द्या. मुलीने दिलेल्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते.

कार्यकारिणीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. मी येतो आहे. आधीच्या दोन पत्रांची पोच तेव्हाच हातोहात दिली तरी चालेल, आवक क्रमांकासह.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक आणि मंडळाचा आजीव सभासद